पहिलं पाऊल आईबापांचं

सुज्ञ वाचकहो, एका बालिकेचे पहिले पाऊल, ते पाहूनही न पाहिल्यासारखे करणारी एक बाई, आणि तिच्या मौनापायी विकली जाण्याच्या बेतात आलेली एक नौका, यांची हकीकत यथामती कथन करण्याचे मी योजिले आहे. अवधान असावे, एवढीच विनंती.

यॉर्कशर परगण्यातील आमच्या गावातून एक जुना कालवा वाहतो. वाहतो म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तो नुसता पडून असतो. हिवाळ्यात त्याच्यावर धुके उतरले की पाणी कोणते आणि आभाळ कोणते, हे बदकांनाही उमगत नसावे. त्याच कालव्याकाठी एक पाळणाघर आहे, आणि तेथे हेदर अ‍ॅक्रॉइड नामक प्रौढ बाई पुष्कळ वर्षे मुले सांभाळीत आहे.

एके दिवशी दुपारी खिमा-बटाट्याचे जेवण उरकून सर्व मुले निजली होती. निळे पडदे ओढलेले होते आणि खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा उजेड साचला होता. हेदरचेही डोळे जड झाले होते. इतक्यात ब्रायोनी नावाची चिमुरडी आपल्या गादीवर उठून बसली, मग उभी राहिली, आणि भिंतीचा, खुर्चीचा, कशाचाही आधार न घेता निजलेल्या मुलांमधून चालू लागली. हात वर, पोट पुढे, जणू कोणी अदृश्य तिला दोन्ही बगलांत धरून नेत होते. खिडकीपाशी पडलेल्या लाकडी पळीपर्यंत ती गेली, पळी उचलली, आणि मगच मटकन खाली बसली. हेदरला क्षणभर वाटले, आपणच निजलो आहोत आणि हे स्वप्न आहे.

आता या धंद्यातील एक रीत सांगणे अगत्याचे आहे. इकडच्या पाळणाघरांत प्रत्येक मुलामागे एक ठरलेली ताई असते. मूल काय खाते, काय बोलते, कोणाला चावते, हे सारे ती टिपते, आणि फोटोसकट ते आईबापांच्या फोनवर पाठवते. मात्र पहिले पाऊल ती कधीही कळवीत नाही. "पहिलं पाऊल आईबापांचं," असे पाळणाघराच्या मुख्य बाई, डॉट, नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावतात. ताईने फक्त म्हणायचे, "आता चालेलच हं कधीही!" मग मूल घरी चालले की आई धावत सांगायला येते, आणि ताईने तोंडाचा आ करून नवल करायचे. या गोड लबाडीत हेदर पारंगत होती.

म्हणून त्या सायंकाळी तिने ब्रायोनीची आई टॅमझिन हिला कळविले ते एवढेच, की आज जेवण छान झाले.

दिवस गेले. ब्रायोनी पाळणाघरभर हिंडू लागली. हेदर फोटो काढी, आणि पाठविण्यापूर्वी गुडघ्याखालचा भाग कापून टाकी. टॅमझिनकडून मात्र आनंदवार्ता येईना. ती पहाटेपासून बेकरीत पाव भाजीत असे, सायंकाळी दमून येई. तिला पाहताच ब्रायोनी बसकण मारून दोन्ही हात वर करी, आणि आई तिला उचलून धुक्यात दिसेनाशी होई. मायलेकी कालव्यातील एका लांबट, अरुंद बोटीत राहत होत्या.

"आता चालेलच हं कधीही!" हेदर पाठीमागून म्हणे.

सुरुवातीला टॅमझिन हसे. पुढे पुढे ती नुसती मान हलवू लागली.

आणि एके सकाळी ती मुलीला सोडून परत फिरेचना. डोळे सुजलेले, केसांत पीठ.

"काय गं पोरी, बेकरी आली का इकडे अंगावर चालून?" हेदरने थट्टा केली.

"हेदर, मी बोट विकतेय. शनिवारी गिऱ्हाईक येतंय."

"अगं, काहीतरीच काय! तो रंग तू स्वतःच्या हातांनी लावलास ना?"

"लावला. पण पोरीला दीड वर्ष झालं, अजून पाऊल नाही टाकत. आरोग्यसेविका म्हणाली, हॉस्पिटलात दाखवून घ्या. माझी आई तर पहिल्यापासून म्हणत होती, पाण्यावर पोर वाढवशील तर बदकाचे पाय होतील तिला. बरोबरच होतं तिचं. हौस माझी, आणि भोगतेय ही. आईकडे हल शहरात जाते राहायला. निदान जमीन तरी असेल पायाखाली."

दाराच्या काचेतून आत ब्रायोनी एक बादली ओढीत ऐटीत चाललेली हेदरला दिसत होती. टॅमझिनची काचेकडे पाठ होती. बोलावे तर आईचा तो एकमेव क्षण आपल्या हातून कायमचा जाणार, न बोलावे तर बाईचे घरच जाणार. अशा समयी मनुष्याची जीभ टाळूला चिकटते. पण हेदरने ती सोडविली.

"ती चालते, टॅमझिन. कधीचीच चालते. मागे वळून बघ."

टॅमझिन वळली. कपाळ काचेला टेकवून ती पाहत राहिली, तिच्या श्वासाने काच धुरकट होई, ती बाहीने पुसी, पुन्हा पाही. ब्रायोनी बादलीसह कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"कधीपासून?"

"पहिला बर्फ पडला त्याच्याही आधीपासून."

"आणि तुम्ही मला रोज सांगत होतात, चालेलच म्हणून?"

"तुला पहिल्यांदा दिसावं म्हणून गं. रीतच आहे आमची."

"चुलीत घाला तुमची रीत! रात्र रात्र तिचे पाय चोळत बसायचे मी. तेल लावून! आणि तुम्ही इथं नवल करायची तयारी करून बसला होतात?"

 

त्या सायंकाळी न राहवून हेदर बोटीवर गेली. टॅमझिनने या म्हटले नाही, जा म्हटले नाही. आत पाऊल ठेवताच हेदर एकदम डुलली आणि तिचे दोन्ही हात आपोआप दोन्ही भिंतींना टेकले. तिच्या पायांशी ब्रायोनीही तशीच, एक हात या फळीवर, एक त्या फळीवर, सुखाने सरकत होती.

"हिला इथं हात सोडायची गरजच पडली नाही," हेदर हळूच म्हणाली. "पायांचं काही नाही गं. तुझं घर हिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं, एवढंच."

टॅमझिनने मुलीला उचलले, काठावरच्या पायवाटेवर उभे केले आणि स्वतः मागे सरकून उकिडवी बसली. दिव्याच्या पिवळ्या धुक्यात ब्रायोनी जरा डळमळली, आणि डुलत डुलत आईकडे आली.

"झालं बाई! हे तुझ्यासाठी पहिलंच," हेदर म्हणाली.

"नाही. आता तरी खोटं बोलू नका." टॅमझिनने मुलीचे थंड गाल कुरवाळले. "पहिलं गेलं ते गेलं. बोट नाही विकत मी. पण यापुढं माझ्या वाट्याचं काही झाकून ठेवायचं नाही. मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नाही."

डॉट यांनी रीत बदलली नाही. "एका आईपायी बाकीच्यांचा आनंद का घालवू?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. एका ब्रायोनीपुरती मात्र त्यांनी हेदरला मोकळीक दिली.

वसंत लागला. एका दुपारी ब्रायोनी कुंपणाशी उभी राहून कालव्यावरच्या आभाळाकडे बोट दाखवीत अतिशय स्पष्टपणे म्हणाली, "चंद्र." आभाळात दिवसाचा फिकट चंद्र खरोखरच होता, आणि त्याच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. हेदरचे बोट फोनवर क्षणभर थबकले. मग तिने लिहिले, "आज पहिला शब्द बोलली. चंद्र."

पुष्कळ वेळ उत्तर आले नाही. दिवेलागणीला आले, "घरी अजून नाही बोलली. दोघी बोटीच्या छतावर बसलोय, चंद्राकडे तोंड करून. थंडी आहे, पण बसणार."

अल्पमतीने लिहिलेले हे कथानक आपण गोड मानून वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा ऋणी असलेला,
नारायण धोंडू कासले