जिन्याखालची देवी

जुलैत बर्मिंगहॅमला वावटळीनं छपरं उडवली आणि इकडे मेडनहेडमध्ये श्रीकांतच्या अंगात वारं शिरलं. ऑक्टोबर लागला तसा तो ऑफिसातलं फायर वॉर्डनचं पिवळं जॅकेट घरातही घालून हिंडू लागला. बागेतल्या खुर्च्या त्यानं शेडमध्ये कोंडल्या. कचऱ्याचा व्हीली बिन उडू नये म्हणून कुंपणाला बांधायचा होता, पण दोरी सापडेना. मग त्यानं आईचं हिरवं नऊवारी लुगडंच घेतलं. कौन्सिलचा बिन लुगडं नेसून लग्नाला निघाल्यासारखा उभा राहिला.

"वावटळ आली की सगळ्यांनी जिन्याखालच्या कपाटात. तिथं खिडकी नाही. कपाट रिकामं करा."

"तिथं आईंचे घट बसलेत, विसरलास?" त्याची बायको देवयानी म्हणाली.

श्यामलाबाई उन्हाळ्यात लेकाकडे आल्या आणि नवरात्र इथंच गाठलं. केर ओढायचा हूवर बाहेर काढून त्यांनी कपाटात देवी बसवली. अंधारात गहू पिवळाधम्मक उगवला होता. शेजारी अखंड दिवा. सासूनं हाती दिलेला तो दिवा त्यांच्या संसारात एकदाही मध्येच विझला नव्हता.

"घट दसऱ्याशिवाय हलत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग दिवा तरी विझव. लाकडी कपाटात उघडी ज्योत! ऑफिसात मी इमारत रिकामी केली असती."

"कर की. इमारत रिकामी कर, दिवा राहू दे." आणि वात सारत गुणगुणल्या,

वाऱ्या रे उनाडा, किती घालशील पिंगा
माझ्या गं दिव्याला नको दाखवूस इंगा

शनिवारी दुपारी आभाळ जांभळासारखं झालं. कुंपण कुरकुरायला लागलं. श्रीकांतनं दोघींना कपाटात ढकललं. देवयानीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, त्याच्या डोक्यावर वरणाचं पातेलं.

"आई, ही टोपी घाल."

"माझ्या अंबाड्यावर बसत नाही ती. वर देवी आहे, बघेल."

"देवी खाली बसलीये, आई! तुझ्या गुडघ्यापाशी!"

तेवढ्यात वीज गेली. दारातली टपालाची फट झांजेसारखी वाजू लागली, आणि पुढचं दार धाडकन उघडलं. पाठोपाठ कपाटाचंही. वारा आत घुसला. ज्योत आडवी झाली, निळी पडली, टिकलीएवढी उरली.

श्यामलाबाईंचं गुणगुणणं थांबलं. वाऱ्याला भ्याला नसेल एवढा श्रीकांत त्या गप्प होण्याला भ्याला. त्यानं डोक्यावरचं पातेलं काढून ज्योतीभोवती आडवं धरलं आणि दाराकडे पाठ केली. उघड्या डोक्यानं, अख्खा वारा पाठीवर घेत.

ज्योत हळूच उठून बसली. जॅकेटची कड वितळल्याचा वास सुटला आणि स्मोक अलार्म बोंबलू लागला.

"वॉर्डनसाहेब, इमारत रिकामी करू?" देवयानीनं विचारलं.

"गप गं."

वारा आला तसा गेला. देवयानी बाहेर डोकावून आली. कुंपण शेजारच्या बागेत आडवं होतं, त्याला मिठी मारून बिनही.

"माझं लुगडं गं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"शेजारी नांदायला गेलं, आई."

श्यामलाबाई हसल्या, तशी ज्योतही हलली. श्रीकांत दचकला.

"हळू हस ना! आणि तेल घाल, खाली गेलंय."

"आधी ते पातेलं तरी बाजूला घे. वावटळ गेली केव्हाच."

"तू घाल. मी धरतो."