गुरुवारची मागची सीट

अस्मितानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले आणि मी माझा पेढा फ्रिजमध्ये ठेवून दिला. अस्मिता माझी धाकटी जाऊ, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचे समोरासमोर दोन फ्लॅट. स्वयंपाक एक आणि सासूबाईही एकच. घोळ इथंच आहे. दोन जावांच्या दोन गाड्या असू शकतात, सासू काही वाटून घेता येत नाही.

सासूबाईंना आम्ही दोघी आईच म्हणतो. दर गुरुवारी त्यांना येरवड्याला त्यांच्या बहिणीकडे, प्रेमलामावशींकडे, न्यायचं काम माझं. मावशींची कंबर गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत, आणि गुरुवारी माझ्या गणिताच्या शिकवणीला सुट्टी असते. काम म्हटलं तरी तो माझा मान होता. जिन्यात कुणी विचारलं, "काय, आज कुठं?" की आई म्हणायच्या, "पूर्णिमा नेतेय." तेवढं ऐकायला मिळावं म्हणून मी पार्किंगमध्ये उन्हात उभी राहायचे.

माझी गाडी पेट्रोलची आणि तोंडाळ. मी चौकात वळले की घरी कुकर खाली उतरवतात, असं माझा नवरा, अनंत, चारचौघांत सांगतो. असू दे. कधी वाटेत टाकून गेली नाही.

गाडी घेऊन आठवडा झाला नसेल, अस्मिता म्हणाली, "वहिनी, येरवडा माझ्या रूटवरच आहे. गुरुवारी मला ऑफिसला जायचंच असतं. सकाळी आईंना ड्रॉप करते, येताना पिकअप करते. तुमची धावपळ वाचेल."

धावपळ वाचेल! चोरानं घर धुऊन न्यावं आणि वर "तुमचा केर काढायचा वाचला" म्हणावं, त्यातली गत. पण ती हसत म्हणाली, आणि आईही म्हणाल्या, "खरंच की. पूर्णिमालाही दिवसभराची मोकळीक." मग मीही हो म्हणून टाकलं. गुरुवारी आई तिच्या मागे बसल्या, पदर नीट खोचला, आणि गाडी निघून गेली. आवाज नाही की धूर नाही. मी फाटकाशी उभी राहिले आणि मग भाजी आणायला गेले, कारण तेवढंच काम उरलं होतं.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर एकच विषय. माझ्या गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, आरटीओत जाऊन पुन्हा नोंदणी करायला हवी होती. अनंत म्हणाला, "तिच्यावर खर्च करण्यापेक्षा आपणही इलेक्ट्रिकच घेऊ. पेट्रोल शंभरावर गेलंय."

"आणि बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर चार्जिंगला कोण आणणार? लिफ्ट बंद असली की तुम्ही आणाल?"

"पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ ना वहिनी," अस्मिता म्हणाली. "मी सोसायटीला अर्ज दिलाय."

"सोसायटीनं टाकीचं झाकण बदलायला दोन गणपती घेतले."

"सर्व्हिसिंगचा खर्च जवळजवळ नाही," माझा दीर केयूर म्हणाला. "ऑइल नाही, प्लग नाही."

"बॅटरी बदलायची वेळ आली की सगळं एकदम वसूल होतं. आणि जुनी झाल्यावर विकत कोण घेणार? वाटेत चार्जिंग संपलं तर? पेट्रोल बाटलीतून आणता येतं. वीज कशातून आणू, तांब्यातून?" मला थांबायचंच नव्हतं. "शिवाय आवाज नाही म्हणून लक्ष्मी रोडवर माणसं बाजूला होत नाहीत."

"वहिनी, लक्ष्मी रोडवर माणसं रणगाडा आला तरी बाजूला होणार नाहीत," केयूर म्हणाला आणि सगळे हसले. आईसुद्धा.

माझा एकही मुद्दा खोटा नव्हता, हे आजही सांगते. पण खरा तोटा मी बोलून दाखवला नव्हता. त्या गाडीला मागची सीट होती आणि तिच्यावर आई बसत होत्या.

मग अस्मितानं भातावर आमटी घेता घेता सांगून टाकलं, "आणि बोलता किती मस्त येतं! आज आईंनी काय सांगितलं माहितीये? लग्नाआधी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. सो कूल ना?"

केयूरनं चमचा कानाला लावला. "नंबर प्लीज!" अनंतनं लगेच वाटी लावली. दोघं टोणगे ताक पिऊन होईपर्यंत तेच करत होते. आई मान खाली घालून जेवत होत्या.

माझा घास तोंडात नुसता फिरत राहिला. मी ह्या घरात आले तेव्हा अस्मिता शाळेत असेल. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करवून आणलं, त्यांच्या भिशीचा चिवडा मी केला, त्यांना मुगाच्या खिचडीत हिंग किती लागतो ते मला ठाऊक. आणि त्या नोकरी करत होत्या, हे मला त्यांना जेमतेम तीन गुरुवार मागे बसवलेल्या पोरीकडून कळावं? जळले मी. अगदी आतून जळले. अनंतला विचारलं तर तो म्हणाला, "मलाही आजच कळलं," आणि कूस बदलून घोरायला लागला. त्याला कशाचं काही नाही.

पुढचे दोन-तीन गुरुवार मी अस्मिताशी गोड बोलून सगळं काढून घेत राहिले. आज काय म्हणाल्या आई? ती भाबडेपणानं सांगायची आणि प्रत्येक गोष्टीनं मी नव्यानं जळायचे. आईंना माहेरी सायकल येत होती. माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा भेट दिलेलं अत्तर आईंना आवडलं नव्हतं. मला कधी एवढंही सांगितलं नाही, मी काय नुसती ड्रायव्हर होते?

मग अस्मिताला कंपनीनं आठवडाभर बंगळुरूला पाठवलं आणि माझा गुरुवार मला परत मिळाला. मी इस्त्रीची साडी नेसले. आईंना घेऊन खाली आले, ऐटीत गाडीला स्टार्टर मारला. ढिम्म. किक मारली, पुन्हा मारली. इतके दिवस उभी राहून ती रुसली होती. आई पर्स धरून शांतपणे बघत होत्या. शेवटी घाम पुसून मी वर गेले आणि अस्मिताची किल्ली घेऊन आले. तसं करताना काय वाटलं ते सांगत नाही.

संगम पुलापर्यंत मी गप्प होते. बोलतील आता, बोलतील, म्हणून कान मागे होते आणि वर "बोलल्या तरी मी विचारणार नाही" हा तोराही होता.

"अस्मिताला सांगायला नको होतं," मागून आवाज आला. इतका स्पष्ट, की मी दचकले.

"काय, आई?"

"एक्स्चेंजचं. पोरगी मनानं निर्मळ आहे, पण पोटात काही राहत नाही. लगेच टेबलावर मांडलंन. पोरांनी माझी नक्कल केली. तुला इतक्या वर्षांपासून ठाऊक आहे, पण तू कधी अवाक्षर काढलं नाहीस."

"मला ठाऊक आहे?"

"अगं, तुला तर सगळ्यांच्या आधी सांगितलं. नोकरी सोडल्यावर एकदा ह्यांच्या नकळत परत गेले होते, ठेवून घेतात का बघायला, आणि दारातून फिरले, तेही तुलाच सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही. तू 'हो, हो' म्हणालीस. बरं वाटलं. दुसरी असती तर चार प्रश्न विचारले असते."

मी म्हणत होते खरं हो, हो. मागून काही कुजबुज झाल्यासारखी वाटली की म्हणायचे. कानावर घट्ट स्कार्फ, खाली ते भडभडणारं इंजिन, मला वाटायचं त्या "सावकाश ने" म्हणतायत. प्रत्येक गुरुवारी, जाताना आणि येताना, त्या मला सांगत होत्या. सगळं मिळालं होतं मला, अस्मिताच्या किती आधी. त्या जुन्या गाडीवर पुढे बसलेल्या पूर्णिमाचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

बंडगार्डनच्या सिग्नलला आम्ही थांबलो. आई पुढे वाकून हळू म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी आपली जुनीच काढ. तुझ्याबरोबरच येईन मी. हिच्यावर मोकळं बोलवत नाही, शेजारचा रिक्षावालासुद्धा कान देऊन ऐकतो."

हेच ऐकायला मी दीड महिना तळमळत होते. आता ऐकलं आणि लक्षात आलं, जुनी काढली की पुन्हा काही ऐकू येणार नाही.

"जुनी विकली, आई."

"कधी?"

"कालच."

"विकलेल्या गाडीला सकाळी किका मारत होतीस होय?"

सिग्नल सुटला, गाडी पुलावर आली.

"बरं झालं विकलीस," आई म्हणाल्या. "नाहीतरी तिच्यावर तुला निम्मंच ऐकू येत असणार."

"निम्मंच," मी म्हणाले. "राहिलेलं पुन्हा सांगा."