शेपटाची जागा

“बाबा, इतक्या वर्षांत आईने एक तरी पक्षी पाहिलाय का?”

भिंगरीने हे विचारलं ते गाड्या लावायच्या मैदानात, सगळ्या मंडळींसमोर, चांगला घसा साफ करून. बाबागाड्या ढकलणारे थांबले, बिस्किटं खाणाऱ्या पोरांचे जबडे थांबले, आणि तिच्या वर्गातल्या दोघी, चष्मिष आणि गिड्डी, एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत तिच्या बाबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पैज त्यांचीच होती. मधल्या सुट्टीत चष्मिष म्हणाली होती, “तुझे बाबा पुढे चालून सगळ्यांना पक्षी दाखवतात आणि तुझी आई कायम शेवटी. तिला काय दिसतं गं, लोकांच्या पाठी?” गिड्डीने वर फोडणी घातली, “विचार ना मग बाबांना. सगळ्यांसमोर विचार. पण तू कसली विचारतेस.”

झालं. गेल्या वर्षीपर्यंत चार माणसांपुढे उभं केलं की भिंगरीची बोबडी वळायची. यंदा वक्तृत्वात ती पहिली आली आणि तेव्हापासून जिभेला अशी धार चढली की ती कशावर तरी चालवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. शिवाय हा अन्याय तिला खराच वाटत होता.

रविवारची ही सहकुटुंब फेरी बाबांची. आधी पाणथळीतली फळ्यांची वाट, मग नदीकाठ, मग जंगलातून वळसा घालून परत. लेकुरवाळ्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना झेपेल अशी. बाबा आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकांना फरश्या दाखवत आणि रविवारी त्याच आवाजात लोकांना बदकं दाखवत. लोक त्यांना कॅप्टन म्हणत. आई दाताच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलायची आणि रविवारी पिवळं जाकीट घालून सगळ्यांच्या मागे चालायची. कोणाची नाडी सुटली, कोणी रुसून बसलं, की त्याला गोंजारून पुढे हाकायचं. या कामाला सगळे ‘शेपूट’ म्हणत. त्यावर दर रविवारी एक विनोद होई, तोच, आणि लोक दर रविवारी नव्याने हसत.

बाबा क्षणभर गडबडले. पण फरश्या विकणारा माणूस तो, हातचं गिऱ्हाईक सुटू द्यायचा नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले.

“मंडळी, पोरीने आज बापाचे कान टोचले. ठरलं. आजपासून आमच्या महाराणी पुढे, माझ्या शेजारी.”

टाळ्या पडल्या. आई तेव्हा कोणाच्या तरी पोराच्या बुटाशी वाकली होती. ती उठून म्हणाली, “अहो, नको. मी बरी आहे मागे.”

“बघा, असं म्हणत म्हणतच आपण बायका जन्म काढतो,” एक बाई गहिवरून म्हणाल्या, आणि दोघीतिघींनी मिळून आईला वरातीतल्या नवरीसारखं पुढे नेलं. जाकीट काढताना आईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने तिला डोळा मारला. आईच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“जाकीट हिला द्या,” बाबा म्हणाले. “काय गं, सुट्टीत मुलांची वेगळी फेरी तुला चालवायचीय ना? मग आधी शेपूट होऊन दाखव. ज्याला मागचं जमत नाही त्याच्या हातात पुढचं द्यायचं नाही, हा आपला नियम आहे.”

मुलांच्या फेरीसाठी भिंगरी कधीपासून बाबांच्या मागे लागली होती. पहिल्या वळणावर काय बोलायचं, कुठे हसवायचं, हे सगळं तिचं आरशापुढे घोटून झालं होतं. एका प्रश्नात आईला न्याय, पैज खिशात आणि वर फेरीचं अर्धं वचन. जमिनीपासून चार बोटं वर तरंगतच ती मागे गेली.

मागे काठीवाले आजोबा होते. एकटेच यायचे आणि कायम शेवटून पहिले असायचे.

“चला आजोबा, उचला पाय,” भिंगरी म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?”

“काय?”

“काही नाही. चाल. आणि बडबडू नकोस, तुझी आई बडबडत नाही.”

खडूस म्हातारा, असं मनात म्हणत भिंगरी चालू लागली. फळ्यांची वाट लव्हाळ्यांत शिरून वळली आणि सगळं लटांबर त्या वळणापलीकडे गेलं. बाबांचा आवाज काही वेळ पाण्यावरून येत राहिला, मग तोही विरला. आजोबांनी काठी अलगद कठड्याला टेकवली आणि ते उभेच राहिले.

“आजोबा, आपण फार मागे पडू.”

त्यांनी नुसता हात वर केला.

आधी काहीच नव्हतं. पाणी, चिखलाचा वास, एक माशी. मग इतका वेळ दडी मारून बसलेलं सगळं, पाहुणे गेल्यावर घरातली माणसं सैलावून बाहेर येतात तसं, एकेक करून बाहेर आलं. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन ऐटीत वाटेखालून गेली. मघाशी पोरं ज्या कठड्याला लोंबकळत होती त्याच कठड्यावर खंड्या येऊन बसला. आणि मग लव्हाळी हलली, आणि एक पाणमांजर चक्क फळ्यांवर चढून आलं. त्याने अंग झटकलं. मागून दोन पिल्लं आली. धाकट्याचा पाय घसरला, तसं त्याच्या आईने त्याला मानेला धरून वर ओढलं, आणि काही न झाल्यासारखी तिघं पलीकडे उतरून गेली.

बाबा याच वळणावर पाणमांजराचं चित्र दाखवायचे. “प्रत्यक्ष दिसायला नशीब लागतं,” म्हणायचे. त्यांनाही ते कधी दिसलं नव्हतं.

“नेहमी येतं?” भिंगरीने कुजबुजत विचारलं.

“गर्दी सरली की येतं. मला तुझ्या आईनेच दाखवलं. हात धरून थांबवलं, बोलली एक शब्द नाही. तेव्हापासून आम्ही इथे थांबतो. ती तिकडे बघते, मी इकडे. बोलत नाही, म्हणून तर आमचं पटतं.” त्यांनी काठी उचलली. “आता बसली असेल बिचारी भाषण ऐकत.”

भिंगरीचे पाय जमिनीला लागले.

नदीकाठी ती मंडळींना गाठेपर्यंत तिथे हशा पिकला होता. आई बाबांच्या शेजारी उभी होती, हातात त्यांचा थर्मास, खांद्यावर त्यांची दुर्बीण. “विचारा हिला,” बाबा म्हणत होते, “लग्नानंतर पहिल्यांदा ही इथे आली तेव्हा बगळ्याला बदक म्हणाली होती. म्हणाली होतीस की नाही?” आई हसली. ते हसू भिंगरीच्या ओळखीचं होतं. दवाखान्यात दाढ दुखणारा पेशंट डाफरायला लागला की आई फोनवर ज्या आवाजात ‘हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणते, त्या आवाजाचं ते हसू होतं. जंगलातल्या वळणावर बाबांनी आईला बोलता बोलता तीनदा थांबवून ‘हे बघ’ म्हटलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, सगळं केव्हाच उडून गेलं होतं.

असे आणखी काही रविवार गेले. गहिवरणाऱ्या बाई दर वेळी आईला म्हणत, “आता कसं छान वाटतं ना?” चष्मिषने वर्गभर सांगितलं होतं की भिंगरीने आईची सुटका केली, आणि पैजेची गोष्ट बाबांच्याही कानावर घातली होती. भिंगरी दर रविवारी वळणावर थांबायची, पाणमांजर बघायची, आणि परक्याच्या ताटात हात घातल्यासारखी ओशाळायची.

शेवटी एका संध्याकाळी बाबा दुकानातून यायच्या आत तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई कप विसळत होती.

“आई, मी पाणमांजर पाहिलं.”

आईचा हात थांबला. “पिल्लं वाढली असतील.”

“हो. तू मला आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं तुला मागे काहीच...”

“माझ्याबद्दल विचारायचं होतं ना तुला? मग मला विचारायचं होतंस. मी तिथेच तर होते.”

भिंगरीच्या जिभेची धार कुठे गेली कोण जाणे. “मी सांगते बाबांना,” ती म्हणाली, “की तुला मागेच आवडतं.”

“खबरदार. का आवडतं विचारतील. पाणमांजराचं नाव काढलंस, तर पुढच्या रविवारी अख्खी फौज त्या वळणावर नेऊन बसवतील.” आईने कप पालथा घातला. “आणि दुसरं काय सांगणार? की अहो, आठवड्यात दोन तास मला तुमचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून? वाईट नाहीत गं ते. पण एवढं कोणत्या नवऱ्याला तोंडावर सांगता येतं?”

“मग?”

“मग काही नाही. माणूस कष्टात आहे असं लोकांना वाटत होतं, तोवर त्या जागेकडे कोणी बघत नव्हतं. तू दाखवलीस. गेली ती.” तिने नळ पुन्हा सोडला आणि पुढचा कप घेतला.

शनिवारी जेवताना बाबा खुशीत होते. “ऐका,” ते म्हणाले, “आमचं शेपूट एकदम झकास काम करतंय. एकही पोर मागे राहिलं नाही, कोणाची कुरकुर नाही. सुट्टीतली मुलांची फेरी तुझी. सोमवारी पत्रक छापायला टाकतो, तुझ्या नावाचं.”

भिंगरीने घास गिळला. आई ताटाकडे बघत जेवत होती, एकसारख्या संथपणे, गेले कित्येक दिवस जेवत होती तशीच.

“मला नको शेपूट,” भिंगरी म्हणाली.

“म्हणजे?”

“कंटाळा येतो. मागे काही दिसत नाही, नुसत्या लोकांच्या पाठी. आणि तो म्हातारा मरणाचा हळू चालतो.”

बाबांनी हात ताटात ठेवला. “अगं, पण नियम तुला ठाऊक आहे. मागचं सोडलंस तर मुलांची फेरीही नाही.”

“नको मग तीही.”

“आरंभशूर,” बाबा म्हणाले, आणि ते रागावलेले नव्हते, नुसता त्यांचा चेहरा उतरला होता. ते तिला जास्त लागलं. “मला वाटलं होतं तू माझ्यावर गेलीस. आणि भर मैदानात आईचा एवढा पुळका आला होता, तो काय नुसता पैजेपुरता?”

आईने मान वर केली. भिंगरीने तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर खरं तोंडातून निघून गेलं असतं.

“हो, पैजेपुरता,” ती म्हणाली. “उद्यापासून पुढे तुमच्या शेजारी मी चालणार, बाबा. आईला मागे पाठवा. तिला सवय आहे.”