उताणा ससा

कात्रीमामांनी चाळीस वर्षं सलून चालवलं. त्यांच्या खुर्चीत मान मागे टाकली की गिऱ्हाईक दोन मिनिटांत घोरायला लागायचं, अशी त्यांची ख्याती. पुढे हात थरथरायला लागला आणि दुकान बंद झालं. घरात माणसं दोनच, मामा आणि त्यांची थोरली बहीण. दोघांचे बोलायचे विषय सकाळच्या चहाबरोबरच संपत.

म्हणून मामांनी प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक ससा आणला. राखाडी, एक कान पडलेला. निवाऱ्यातल्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "आठ दिवस ठेवा. मग मी घरी येऊन बघेन. रमला असेल तर कायमचा तुमचा, नाहीतर परत नेईन."

झालं, मामांच्या डोक्याला भुंगा लागला. ससा रमलाय हे ओळखायचं कसं? कुत्रा शेपूट हलवतो, मांजर घुरघुरतं. हा पठ्ठ्या त्यांच्याकडे पाठ करून बसायचा आणि मधूनच मागचा पाय जमिनीवर आपटायचा.

"रागावलाय तुझ्यावर," ताई म्हणाली.

"मी काय केलं त्याला?"

"काही केल्याशिवायही राग येतो तुझा. मला विचार."

चौथ्या दिवशी मामांना वाट सापडली. त्यांनी सशाला मांडीवर उताणं घेतलं, एक हात मानेखाली, एक पोटावर, अगदी दाढीच्या गिऱ्हाइकासारखं. आणि काय नवल! धडपडणारा ससा एकदम गप्प. पाय वर, अंग सैल.

"बघ ताई, झोपला! हात विसरले नाहीत अजून."

"डोळे उघडे आहेत त्याचे."

"असतात काही तसे. आपला जुना पोस्टमन नाही का, उघड्या डोळ्यांनी झोपायचा?"

मग काय, दिवसातून तीनदा हाच कार्यक्रम. मामांना पुन्हा दुकान उघडल्यासारखं वाटू लागलं. ससा आता आपलाच, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

आठव्या दिवशी मॅडम आल्या. मामांनी त्यांना बसाही म्हटलं नाही. ससा उचलला, उताणा केला आणि ऐटीत म्हणाले, "बघा कसा रमलाय!"

मॅडमचा चेहरा पडला. "मामा, सोडा त्याला. हळूच, जमिनीवर."

सुटका झाल्याबरोबर ससा कपाटाखाली पसार झाला.

"तो झोपत नाही, मामा. घाबरून तसा होतो. कोल्ह्याच्या तोंडात सापडला की ससा मेल्यासारखा पडून राहतो, तसं."

मामांना काही सुधरेना. "पण गप्प पडला की त्याला बरं वाटतंय, असंच ना?"

मॅडमनी सोबत आणलेली टोपली जवळ ओढली.

"अहो बाई, त्याला बाहेर तरी येऊ द्या," ताई म्हणाली. "कपाटाखालून फरफटत नेणार का?"

तिघंही जमिनीवर बसली.

"मी हातांचं काय करू?" मामांनी विचारलं.

"काहीच करू नका."

चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवले, मग घडी घातली, शेवटी मांडीखाली दाबून टाकले. तासाभराने कपाटाखालून मिशा दिसल्या. ससा आला, टोपली हुंगली, मामांभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि त्यांच्या गुडघ्याशी धपकन कुशीवर कोसळला. पाय ताणले, डोळे अर्धे मिटले.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "गेला! मॅडम, शपथ सांगतो, बोट लावलं नाही मी! ताई, तू बघितलंस ना?"

"हळू बोला. खुशीत पडलाय तो."

"मघाशी पडला ती भीती, आणि आता पडला तर खुशी?"

"मघाशी तुम्ही पाडलं होतं. आता तो आपणहून पडला."

मामा कधी सशाकडे बघत, कधी मॅडमकडे. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आणखी आठ दिवस ठेवा. उचलायचं मात्र नाही."

रिकामी टोपली घेऊन त्या गेल्या. मामा जागचे हलले नाहीत. पायांना मुंग्या आल्या होत्या. उठावं तर ससा दचकेल, बसावं तर पाय जाईल.

"ताई, हा उठणार कधी?"

"मला काय ठाऊक?" ताई म्हणाली, आणि तिने त्यांच्या पाठीशी उशी सरकवली.