चार पदरी कापड

विश्रामबागेतल्या दवाखान्यात पंख्याची घरघर चालू होती. फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम घरात पिण्याच्या पाण्याला वापरता का, एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. अजितकुमार टेबलाच्या काचेत आपलाच चेहरा पाहत राहिला.

"मास्तरांनी उभं केल्यागत गप का झालासा?" त्याची बायको गुणमाला म्हणाली. तिच्या शस्त्रक्रियेला महिना झाला होता. डावा स्तन गेला. बोलण्यातला खट्याळपणा मात्र शाबूत होता. "आवं, आपल्या घरात कुठला औषधाचा ड्रम?"

"न्हाई," तो म्हणाला.

बाईंनी तसं लिहून घेतलं. "कुठल्या एका कारणावर बोट ठेवता येत नाही. पण यातली काही रसायनं शरीरात हार्मोनचं सोंग घेऊन वावरतात. अशा आजाराला त्यांचाही हातभार लागू शकतो. तुमच्या मुलीला जपायला हवं, म्हणून विचारलं."

मुलगी, ब्राह्मी, साताऱ्याला शिकत होती.

घरी परसात पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम उभा होता. अठरा वर्षांपूर्वी त्यानेच तो आणला, द्राक्षबागेच्या औषधाचा. गुणमालाला सांगितलं, तेलगिरणीतला आहे. खरं कळतं तर तिने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. तीनदा धुतल्यावर वास गेला, आणि वासामागून आपलं खोटंही वाहून गेलं, असं तो समजून चालला.

त्या संध्याकाळी गुणमालाने विहिरीचं पाणी चार पदरी कापडातून गाळलं. नजरेला न दिसणारा जीवही आपल्या घोटाखाली मरू नये, ही तिची जन्माची खबरदारी. कापडावर उरलेले जीव ती रोज पुन्हा विहिरीत सोडून येई. अर्धी कळशी उजव्या कमरेवर घेऊन ती ड्रमाकडे वळली.

"त्यात ओतू नगंस," अजितकुमार म्हणाला. "बागेच्या औषधाचा हाय त्यो."

"तेलाचा म्हनला हुतासा."

"खोटं बोललो."

तिने ड्रमाच्या काठावर हात ठेवला. "ब्राह्मीच्या तोंडात पयलं पानी मी ह्यातलंच घातलं," ती म्हणाली. "गाळून."

ऊन बागेआड उतरत होतं. तो म्हणाला, "तिला... तिला तूच सांगशील?"

गुणमालाने कळशी खाली ठेवली. ओलं कापड दोन्ही तळव्यांवर अलगद उचललं आणि विहिरीकडे चालू लागली.