मांडीला सवत

खुर्ची पार्सलने घरी आली त्या दिवसापासून टाचणीबाईंच्या पोटात दुखत होतं. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. कपडे बेतताना बाईंच्या ओठांत कायम दोन टाचण्या धरलेल्या असत, आणि टाचण्या काढल्या तरी बोलणं टोचायचंच. पोटदुखीचं मूळ होती दीड वर्षाची नात, ठमी. शिलाई मशीनच्या घरघरीत बाईंनी तिला मांडीवर वाढवलं होतं. आता मुलगा दूरच्या शहरात नोकरीवर रुजू झाला होता, सूनही तिकडेच रुजू होणार होती, आणि ठमीला दिवसभर सांभाळणार होत्या त्याच शहरात राहणाऱ्या विहीणबाई. दीड वर्ष खस्ता खाल्ल्या कुणी, आणि आयत्या बिळावर नागोबा कोण.

टाचणीबाई फक्त पोचवायला जाणार होत्या. दोन विमानं, मध्ये दोन तासांचा थांबा. वाटभर ठमीला मांडीवर घ्यायचं, ती झोपली की तिच्या केसांचा वास घेत बसायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. तेवढ्यात विहीणबाईंनी ही खुर्ची पाठवली. मोटारीत लहान मुलांना बसवतात ती, खांद्यांवरून पट्टे येणारी. वर ठमीचं विमानाचं वेगळं तिकीटही काढलं.

"विमानातही यातच बसवायचं तिला," विहीणबाईंनी व्हिडिओ कॉलवर बजावलं. "खिडकीपाशी लावा. पट्टा असा ओढा की चिमटीत येता कामा नये. आणि बाजूला लेबल आहे बघा, विमानात चालते असं लिहिलेलं. ते बघितल्याशिवाय लावू देत नाहीत."

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय हिचं," फोन बंद झाल्यावर टाचणीबाई म्हणाल्या.

"अहो आई, काळजीपोटी सांगते हो ती," सून म्हणाली.

हेही एक खुपायचं. विहीण ती नुसती 'आई', आणि आपण मात्र 'अहो आई'. आता विमानातही तेच. खिडकीला खुर्ची, मध्ये सून आणि कडेला आपण. नातीला हातसुद्धा पोचायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सून बॅगा भरत होती. बाईंनी खुर्ची पुसायला घेतली. लहान मुलांच्या कपड्यांची लेबलं कापून टाकायची त्यांना चाळीस वर्षांची सवय, मानेला टोचतात म्हणून. हे लेबल मात्र कडक प्लॅस्टिकवर चिकटवलेलं होतं. ते कुणालाच टोचत नव्हतं, एका बाईंना सोडून. त्यांनी त्यावर तेलाचा बोळा फिरवला आणि नखाने सगळं खरवडून काढलं. कुणी विचारलंच तर सवयीने हात गेला म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं. उगाच त्यांना भोळं समजू नका, आपण काय करतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी विमानात एअर होस्टेसने खुर्ची फिरवून फिरवून पाहिली. "याच्यावरचं लेबल कुठंय?"

सून वाकली. तेलकट डागावरून तिने बोट फिरवलं, मग मान वर करून सासूकडे पाहिलं. टाचणीबाई खिडकीबाहेर फार काही महत्त्वाचं चालल्यासारख्या बघत होत्या.

"नाहीये," सून म्हणाली. "ठेवा सामानात."

"दुसऱ्या विमानाआधी दारातच परत मिळेल," असं सांगून ती मुलगी खुर्ची घेऊन गेली, आणि ठमी मांडीवर आली. टाचणीबाईंना आभाळ ठेंगणं झालं. खिडकीजवळची विकतची जागा रिकामी पडली होती, तिच्याकडे बघून तर त्यांना आणखीच बरं वाटलं. ठमीच्या कमरेला एक छोटा पट्टा दिला होता, आजीच्या पट्ट्यात ओवायचा. मुलांच्या कमरेला दोन बोटं सैल ठेवायचं हा बाईंचा शिवणातला नियम. त्यांनी पट्टा दोन बोटं सैल केला, मग आणखी दोन.

तासाभराने विमान पायरी चुकल्यासारखं खाली गेलं. ठमी मांडीवरून उचलली गेली. बाईंचे दोन्ही हात तिच्याभोवतीच होते, पण ते आवळायच्या आत तिचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. खालचा ओठ फुटला. फार नाही, पण रक्त आलं, आणि ठमी अशी रडली की अख्ख्या विमानाने माना वळवल्या. सुनेने रुमाल दाबून धरला. ती सासूला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या विमानाच्या दारात खुर्ची परत मिळाली. तिथल्या मुख्य एअर होस्टेसनेही तेच विचारलं, लेबल कुठंय.

"मी खरवडलं," टाचणीबाई म्हणाल्या. "मुद्दाम."

सुनेने पर्समधून खुर्चीची पुस्तिका काढली आणि एक पान उघडून दिलं. फोनमध्ये लेबलचा फोटोही होता. मुख्य एअर होस्टेसने दोन्ही नीट पाहिलं आणि आत जायला सांगितलं.

"हे मघाशी होतं तुझ्याकडे?" टाचणीबाईंनी सुनेला विचारलं.

"होतं."

"मग दाखवलं का नाहीस?"

"उद्यापासून ती आईकडेच असणार. म्हटलं, एवढे दोन-तीन तास तुम्हाला मिळू देत." सुनेचे डोळे भरून आले. "चुकतंय ते कळत होतं मला. तरी गप्प बसले."

टाचणीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची लावायला मदत केली, ठमीला तीत ठेवलं आणि पट्टे स्वतः ओढले, अगदी घट्ट. ठमीने दोन मिनिटं कुरकुर केली आणि झोपून गेली. आपल्या मांडीवर ती इतक्या लवकर कधीच झोपली नव्हती, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि पोटात पुन्हा दुखलं.

विमानाचं दार लागायचं होतं तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. "ओठाचं मी सांगते काहीतरी," सून हळूच म्हणाली, "खेळताना लागलं म्हणून."

बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "विहीणबाई, ठमीचा ओठ फुटलाय. खुर्ची नको म्हणून लेबल मीच काढलं, आणि मांडीवर घेऊन बसले. धरता आलं नाही मला."

बाई शिव्या खायच्या तयारीने बसल्या.

"आता कुठंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"खुर्चीत. झोपलीय."

"दीड वर्षात चारदा आले मी तुमच्याकडे," विहीणबाई म्हणाल्या. "एकदाही माझ्या मांडीवर झोपली नाही. घेतलं की तुमच्याकडे हात करायची. जळायचे हो मी. म्हटलं, निदान खुर्ची तरी माझी असू दे."

एअर होस्टेस फोन बंद करा म्हणून खुणावत होती.

"झोपवताना उजव्या कुशीवर घ्या तिला," टाचणीबाई घाईने म्हणाल्या. "आणि पाठीवर हात ठेवा. थोपटू नका, नुसता ठेवा."

हे त्यांनी आजवर सुनेलाही सांगितलं नव्हतं.