दहा मिनिटं पुढे

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो: मी चुकीची वेळ दाखवतो. दहा मिनिटं पुढे. हे माझं दुखणं नव्हे, हा माझा हुद्दा आहे. व्याकरणाने मला ‘ते’ ठरवलंय खरं, पण ‘मी आलं, मी गेलं’ म्हणायला जीभ वळत नाही. तेवढं ‘मी आलो’ चालवून घ्या.

जन्मलो तेव्हा मी अगदी अचूक होतो. एका लांबलचक स्वच्छ खोलीत, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कामगार बाईने श्वास रोखून माझ्या पोटात सतरा माणकं बसवली. प्रत्येक माणिक मुंगीच्या डोळ्याएवढं. मला रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. सेलवर चालणारी घड्याळं यावरून मला हसतात. हसोत बापडी! त्यांना रोज कोणी हातात घेत नाही.

एका वडिलांनी मला दुकानातून उचललं आणि मुलीच्या मनगटावर बांधलं. तिला शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी ती वर्गावर दहा मिनिटं उशिरा पोचली. मुख्याध्यापक दारातच उभे होते. म्हणाले, “बाई, जग शिकवणार आहात ना? मग शाळा कुठे आहे ते सापडायला एवढा वेळ?”

त्याच दुपारी बाईंनी माझे काटे दहा मिनिटं पुढे सरकवले. तेव्हापासून एकतीस वर्षं त्या कधी उशिरा पोचल्या नाहीत. यात थोडा त्यांचाही वाटा आहे, हे मी नाकारत नाही.

दरवर्षी पाचवीला एक नदी असायची. दूरच्या देशातली, मोठ्या शहराला घोड्याच्या नालासारखा वळसा घालून जाणारी. बाई एका झटक्यात ते वळण फळ्यावर काढायच्या, खडू न उचलता. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, “बाई, तुम्ही पाहिलीय का ही नदी?”

“अजून नाही. पुढचा प्रश्न.”

एकतीस वर्षं हेच उत्तर. वर्ग हसायचा. त्या वेळी बाईंच्या मनगटाची नाडी जरा जोरात पडायची. मला ते कळायचं, कारण मी तिथेच राहायला होतो.

घरात माझा एकच शत्रू होता, बाईंचे यजमान. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानदाराचा किलो पाच ग्रॅमने हलका निघाला तरी यांचं रात्रीचं जेवण गोड लागत नसे. कॉलनीत त्यांना मापसाहेब म्हणायचे. दहा मिनिटं खोटं बोलणारं घड्याळ स्वतःच्याच घरात नांदतंय, म्हणजे त्यांच्या दृष्टीने गुन्हेगाराला आसराच.

“अगं, ते बरोबर करू का?”

“हात लावून तर बघा.”

असा संसार छान चालला होता.

पुढे बाई निवृत्त झाल्या, घरात मोबाइल आला आणि मी खणात गेलो. तिथे सुटी बटणं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या आणि एक वाळलेलं पेन होतं. कोणाशी बोलणार? चार वर्षं मी सव्वासातच दाखवत होतो. दिवसातून दोनदा बरोबर असणं ही बिनकामाच्या लोकांची फुशारकी आहे, मित्रांनो. मला ती कधीच पटली नाही.

मग परदेशातल्या मुलीच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली. दोघांची तिकिटं निघाली. वाटेत विमान बदलायचं होतं, आणि मध्ये सात तासांचा थांबा. बाईंनी शहराचं नाव वाचलं आणि हातातला कागद खाली ठेवला. नदीचं शहर!

मुलीने फोनवर विनवलं, “आई, विमानतळावरच बसा. खुर्च्या चांगल्या आहेत.”

“खुर्च्या आपल्या घरी पण आहेत,” बाई म्हणाल्या. “ती बाहेर पडायची परवानगी असते ना, ती काढून ठेव.”

“विमान चुकलं म्हणजे? मला तू हवीयेस गं इथे. मागाहून काय उपयोग?”

“चुकणार नाही. घड्याळ घेतेय मी.”

खणातल्या अंधारात मी हे ऐकलं आणि माझी सतरा माणकं ताठ झाली. पुढच्या विमानाला दोन दिवस होते, आणि बाळ काही दोन दिवस थांबणारं नव्हतं. नदी बघायची आणि विमान गाठायचं, दोन्ही माझ्या भरवशावर!

बाईंनी थांब्याचं वेळापत्रक केलं, शाळेचं करतात तसंच. सात तास म्हणजे पस्तीस मिनिटांच्या बारा तासिका. पहिल्या दोन पासपोर्टवर शिक्के घेण्यात आणि सामान ठेवण्यात. तिसरी शहराच्या गाडीत. नववी परतीच्या गाडीत. शेवटच्या तीन विमानतळासाठी, त्यांना हात लावायचा नाही. उरल्या मधल्या पाच, त्या नदीच्या.

“राजवाडा आहे म्हणतात,” मापसाहेब माहितीपुस्तक चाळत म्हणाले. “संग्रहालय पण आहे.”

“एका थांब्यात एकच गोष्ट. सगळं बघायला जाल तर फक्त रस्ते दिसतील.”

सकाळी नऊला विमान उतरलं. शिक्क्याच्या रांगेत उभ्या असताना बाईंनी मला मनगटावरून सोडून यजमानांच्या हातात दिलं. “इथली वेळ लावा हो. मी कागद काढते.”

इथेच घात झाला. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो मापसाहेबांच्या तळहातावर येऊन पडला होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझी किल्ली द्यायची खुंटी ओढली आणि मला सेकंदासकट बरोबर लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी फक्त खोटा तराजू जप्त केल्यावर पाहिलं होतं. बाईंना सांगायचं मात्र ते सोयीस्करपणे विसरले.

पावणेअकराला आम्ही पुलावर होतो. नदी रुंद, मातकट, संथ. बाईंनी कठड्यावर बोट टेकवलं आणि समोर बघत एका झटक्यात वळण काढलं, बोट न उचलता. मग पुन्हा एकदा काढलं.

“बरोबर काढत होते हो मी,” त्या म्हणाल्या.

मापसाहेबांनी नदी पाहिली, बोट पाहिलं. “तंतोतंत,” म्हणाले. हा शब्द ते फार कमी लोकांना देत.

मग काठाने चालणं, बाकावर बसणं, होड्या मोजणं. पुन्हा पूल. स्टेशन दहा मिनिटांवर, गाडी एक चाळीसची, म्हणून दीडला निघायचं ठरलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दीड दाखवत होतो.

“म्हणजे एक वीस,” त्या खुशीत म्हणाल्या. “अजून दहा मिनिटं आहेत.”

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने टिकटिकलो. पण मी आयुष्यभर एवढंच करत आल्यामुळे कोणाला फरक कळला नाही. मापसाहेब तेव्हा होडीवाल्याचा दोर किती हात लांब असेल याचा अंदाज बांधत होते.

आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. बाईंनी वरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक पन्नास. मग माझ्याकडे. एक पन्नास. इतक्या वर्षांत मी आणि भिंतीवरचं घड्याळ कधी जुळलो नव्हतो. त्यांचा रंगच उडाला.

“अहो. हे बरोबर कसं?”

“मी... केलं बरोबर.”

“विचारलंत मला?”

पुढची गाडी दोन चाळीसची होती. तोवर दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसून होते. एकदाच बाई हळूच म्हणाल्या, “पोरगी वाट बघतेय हो.” हुद्दा मिळाल्यापासून मी एकदाच बरोबर वेळ दाखवली, आणि ती अशी अंगाशी आली.

सव्वातीनला विमानतळ. तीन चाळीसला विमानाचा दरवाजा बंद होणार. समोर तपासणीची रांग, अजगरासारखी वेटोळी घातलेली. ज्या माणसाने कधी बसची रांग मोडली नाही, दुसऱ्याने मोडली तर त्याला तासभर कायदा ऐकवला, त्या मापसाहेबांनी मला बाईंच्या हातून सोडवून घेतलं, डोक्यावर धरलं आणि सुचलं तेवढं इंग्रजी ओरडत पुढे घुसले: “व्हेरी सॉरी! माय मिस्टेक! वॉच करेक्ट!”

लोकांना काही कळलं नाही. पण घड्याळ उंचावून, बरोबर असल्याबद्दल माफी मागणारा म्हातारा त्यांनी प्रथमच पाहिला असावा. हसले आणि वाट दिली. बाई मागून पिशवी सावरत धावत होत्या. आम्ही दरवाजाशी पोचलो तेव्हा दोरी लावायला माणूस उठला होता. चार मिनिटं उरली होती.

विमान वर गेल्यावर मापसाहेबांनी मला पुन्हा मागून घेतलं. चष्मा पुसला, खुंटी ओढली आणि स्वतःच्या हाताने मला दहा मिनिटं पुढे केलं. वजनमापांच्या निरीक्षकाने जाणूनबुजून खोटं माप केलं, मित्रांनो! याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणत्या घड्याळाला मिळालंय?

बाई म्हणाल्या, “आता उशीर नाही व्हायचा.” आणि खरंच नाही झाला. आम्ही बाळाच्या आधी पोचलो.

त्यानंतर आणखी चार थांबे झाले. चार शहरं, चार गोष्टी. एका चौकात मनोऱ्यावर भलंमोठं घड्याळ होतं, गावभर त्याचं कौतुक. ते तीन मिनिटं मागे होतं. मी काही बोललो नाही. मोठ्यांचं मन राखावं.

आता माझी काच ओरखडली आहे, पट्टा तिसरा आहे. माझं एवढंच मागणं: घरात जुनं घड्याळ असेल तर त्याला रोज किल्ली द्या, खणात टाकू नका. आणि जुन्या वस्तूत काही चुकीचं दिसलं, तर दुरुस्त करण्याआधी मालकिणीला विचारा. एखादी चूक कोणीतरी जपून, मुद्दाम ठेवलेली असते.

परवा बाईंची नात, तेव्हाचं ते बाळ, पाचवीचं पुस्तक उघडून बसली होती. नकाशावर बोट ठेवून विचारलंन, “आजी, तू पाहिलीस ही नदी?”

बाईंनी मला किल्ली देता देता मान वर केली.

“पाहिली की. ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्तच.”